होनिन्बो 1945: हिरोशिमाच्या डावात कोणी काय ठरवलं?

गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर खेळायचा खेळ) खेळणाऱ्या कुणालाही 'अ‍ॅटम बॉम्ब गेम' म्हटलं की लगेच कळतं कुठला डाव ते. 6 ऑगस्ट 1945, जपानमधल्या सगळ्यात जुन्या टायटलची मॅच, होनिन्बोची, हिरोशिमाच्या बाहेर एका गावात दोन खेळाडू पटावर बसलेत, डावाचा तिसरा दिवस, आणि सव्वाआठला शहरावर बॉम्ब पडतो. पट उधळला जातो, आणि त्याच दिवशी ते दोघं डाव पुन्हा मांडून पूर्ण करतात. गोष्ट इथेच थांबवून सांगतात बरेच जण, आणि मग खाली 'बघा ही निष्ठा', 'याला म्हणतात साधना' वगैरे. मला ती गोष्ट अशी सांगितलेली फारशी पटत नाही. कोणी काय ठरवलं, कोणी नाही म्हटलं, कोणी ऐकलं नाही, हे एकेक करून बघितलं तर प्रकरण बरंच वेगळं दिसतं.

आधी टायटलचं बघू, कारण त्याशिवाय युद्धात होरपळणाऱ्या देशात हा हट्ट कशासाठी ते कळणार नाही. होनिन्बो हे मुळात घराण्याचं नाव. तोकुगावा काळात सरकारी तनख्यावर चालणारी गोची चार घराणी होती, त्यातलं सगळ्यात वजनदार हे. नाव गुरूकडून वारसाला जायचं, एकविसाव्या पिढीपर्यंत गेलं. एकविसावे होनिन्बो शूसाई, त्यांनी हे नाव वारसाला न देता निहोन की-इन या प्रोफेशनल खेळाडूंच्या संस्थेकडे सोपवलं, पैसे उभे केले एका वर्तमानपत्राने (आजचं माइनिचि), आणि ठरलं की यापुढे होनिन्बो तो, जो स्पर्धा जिंकेल. आपल्याकडे एखाद्या गादीचा वारस दर दोन वर्षांनी मॅच लावून ठरवायचा म्हटलं तर काय गदारोळ होईल, तसलाच प्रकार. शूसाईंचा निरोपाचा डाव कितानी मिनोरुशी 1938 मध्ये झाला, जूनला सुरू झाला तो डिसेंबरला संपला (मध्ये म्हाताऱ्याच्या आजारपणामुळे काही महिने थांबला होता), कितानी काळ्याने 5 पॉइंटने जिंकला. जानेवारी 1940 मध्ये शूसाई वारले.

म्हणजे टायटल नवंकोरं, नाव मात्र तीनशे वर्षांचं. आणि खरी अडचण इथेच होती, कारण पहिल्या दोन वेळा ते धड मैदानात ठरलंच नाही. पहिली फायनल 1941 ला संपली, सेकियामा रिइचि विरुद्ध कातो शिन, सहा डावांची, 3-3. मग प्राथमिक फेरीत वरचा नंबर होता म्हणून सेकियामाला होनिन्बो केलं, झालं. दुसऱ्या वेळी, 1943 ला, सेकियामासमोर चॅलेंजर म्हणून आला हाशिमोतो उतारो, आणि दुसऱ्या डावात सेकियामाची तब्येत इतकी ढासळली की त्याला मॅच सोडावी लागली. हाशिमोतो होनिन्बो झाला, पण आजारी माणसाने सोडलेल्या मॅचमधून. हाशिमोतोच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हती, लहानपणापासून त्याला 'तेन्साई', म्हणजे जीनियस म्हणायचे. तरी दोन होनिन्बो झाले आणि दोन्ही वेळा 'हां, पण' असं म्हणायला जागा राहिली. तिसरी मॅच 1945 मध्ये लागणार होती, चॅलेंजर इवामोतो काओरू, 7 दान (दान म्हणजे खेळाडूचा दर्जा). आता तीही झाली नाही तर या नव्या व्यवस्थेवर विश्वास कोण ठेवणार, ही भीती खरी होती.

आणि वर्ष कुठलं तर 1945. मार्चमध्ये तोक्यो जळलं, मेच्या हल्ल्यात की-इनची स्वतःची इमारतही गेली. तरुण खेळाडू सैन्यात, कागद मिळेना म्हणून वर्तमानपत्रं एक-दोन पानांवर आलेली, त्यात गोच्या कॉलमला जागा कुठून येणार. कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं की पुढच्या वर्षी बघू.

ते न म्हणणारा माणूस म्हणजे सेगोए केनसाकु. की-इनमधलं मोठं प्रस्थ, हाशिमोतोचा गुरू, पुढे गाजलेल्या गो सेइगेन या खेळाडूचाही गुरू (सेइगेनला बीजिंगहून जपानला आणण्यात या सेगोएंचाच पुढाकार, आणि त्यासाठी तिकडे गेला तो हाशिमोतो). सेगोए मूळचे हिरोशिमा प्रांतातले, तोक्यो सोडून गावाकडे आले होते. त्यांनी डोक्यात घेतलं की मॅच इथेच, हिरोशिमात लावायची. की-इनची स्थानिक शाखा होती, ओळखीचे लोक होते, आणि मुख्य म्हणजे हिरोशिमा शाबूत होतं.

ते का शाबूत होतं हे आज आपल्याला माहितीये: अमेरिकनांनी अणुबॉम्बसाठी काही शहरं मुद्दाम राखून ठेवली होती, त्यांच्यावर नेहमीचे मोठे हल्ले करायचे नाहीत असं ठरवून, म्हणजे नव्या बॉम्बचा परिणाम नीट मोजता येईल. तिथल्या लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण एवढं मोठं लष्करी ठाणं असून आपल्यावर काही पडत नाही म्हणजे कधीतरी पडणार, एवढा अंदाज प्रशासनाला होता. म्हणून तर शहरभर घरं पाडून आगीला अडवणारे मोकळे पट्टे काढायचं काम चालू होतं, शाळेतली पोरंसुद्धा त्या कामाला जुंपलेली. सेगोएंनी मॅचचा विषय काढला तेव्हा पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने साफ सांगितलं, शहरात खेळायचं नाही, धोका आहे.

आता इथे थांबून बघा. हा अधिकारी जे म्हणत होता त्यात अणुबॉम्बचा संबंधच नव्हता. बाकी शहरांवर पडत होते तसे आगीचे बॉम्ब पडतील, एवढंच त्याच्या डोक्यात. पण त्याचं म्हणणं सरळ आणि बरोबर होतं.

आणि त्याचं ऐकलं गेलं नाही. साहेब कामानिमित्त बाहेरगावी गेले, तेवढ्यात यांनी पहिला डाव उरकून घेतला! शहरातच, की-इनच्या स्थानिक शाखाप्रमुखाच्या घरी, जुलैच्या 23 तारखेपासून तीन दिवस. यातला 24 जुलै म्हणजे शेजारच्या कुरे बंदरावर अमेरिकन विमानांनी मोठा हल्ला केला तो दिवस, त्यामुळे डोक्यावरून विमानं जातायत, भोंगे वाजतायत, छपरावर गोळ्या येतायत, आणि आत दोघं विचार करत बसलेत. शौर्य म्हणायचं तर म्हणा. मला ते 'साहेब नाहीत ना, मग चला' असंच वाटतं, आणि हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात फिट बसेल.

साहेब परत आले, भडकले. हा भडकलेला माणूस या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं मत आहे, आणि गोष्ट सांगताना बहुतेक जण त्याला एका ओळीत उरकतात. त्याने या वेळी तोंडी सांगून सोडलं नाही, शहराबाहेर काढलंच. दुसरा डाव ठरला इत्सुकाइचिला, हिरोशिमाच्या पश्चिमेला आठ-दहा किलोमीटरवर समुद्राकाठचं गाव, आता ते शहराच्याच साएकि वॉर्डात येतं. पहिला डाव जिथे झाला ते घर 6 तारखेला राहिलं नाही, आणि घरमालकही वाचले नाहीत. शहरातच खेळत राहिले असते तर खेळाडू, रेकॉर्ड लिहिणारे, सेगोए, सगळे तिथे असते.

दुसरा डाव 4 ऑगस्टला सुरू झाला. हाशिमोतो पांढरा, इवामोतो काळा. त्या मॅचमध्ये कोमी नव्हती. कोमी म्हणजे काळा आधी खेळतो, त्याचा फायदा वळता करायला पांढऱ्याला देतात ते जास्तीचे पॉइंट (आजच्या जपानी नियमात साडेसहा). कोमीच नाही म्हटल्यावर काळ्याचं पारडं जड. दोघांनाही समान वेळा काळा मिळावा म्हणून मॅच सहा डावांची, तीन-तीन. हे सहाचं लक्षात ठेवा, पुढे त्यावर यायचंय. शिवाय दोघांच्या खेळण्याची तऱ्हा अगदी वेगळी. इवामोतो पटभर इकडे एक तिकडे एक सोंगटी टाकत जाणारा, त्याच्या खेळाला जपानीत 'मामेमाकि' म्हणायचे, दाणे विखुरणं. लांब लांब टाकलेल्या त्या सोंगट्या नंतर कधी एकमेकींना जोडल्या जातायत ते समोरच्याला उशिरा कळतं. हाशिमोतो चपळ, लढाईत धारदार.

5 तारखेच्या रात्री डाव तहकूब झाला. 6 तारखेला पहाटेपासूनच उकाडा. सकाळी सातच्या सुमाराला हिरोशिमात भोंगा वाजला, साडेसातला धोका टळल्याचा इशारा झाला, लोक कामाला लागले. इत्सुकाइचित दोघं पटावर बसले आणि आदल्या दोन दिवसांचा डाव पहिल्या चालीपासून मांडायला घेतला. ही रीतच आहे, तहकूब डाव पुढे चालवताना आधीच्या सगळ्या चाली त्याच क्रमाने पुन्हा ठेवायच्या. 106 चालींपर्यंत डाव आला होता.

मग उजेड. आवाज नाही, फक्त पांढराफटक उजेड. स्फोटाचा धक्का साधारण आवाजाच्या वेगाने येतो, म्हणजे आठ-दहा किलोमीटरला वीसेक-पंचवीस सेकंद धरा. तेवढ्या वेळात माणूस उठतो, खिडकीशी जातो, शेजाऱ्याला 'काय झालं रे' विचारतो. आणि मग धक्का आला, काचा फुटल्या, दारं उखडली, हाशिमोतो अंगणात फेकला गेला, इवामोतो पटावर पालथा पडला, सोंगट्या खोलीभर. शहराच्या दिशेला तो ढग.

त्यांना काय कळलं असेल तेव्हा? जवळपास काही नाही. 'अणुबॉम्ब' हा शब्दच लोकांना माहीत नव्हता. जवळच कुठेतरी मोठा बॉम्ब पडला असेल किंवा दारूगोळ्याचा कारखाना उडाला असेल, एवढंच कुणाच्याही मनात येणार. आवराआवर झाली, काचा झाडल्या, जरा स्थिरस्थावर झाल्यावर सोंगट्या गोळा करून डाव पुन्हा मांडला.

हे मांडणं बाहेरच्याला चमत्कार वाटतं. तसं ते नाही. प्रोला दोन दिवस विचार करून खेळलेल्या स्वतःच्या 106 चाली आठवायला डोकं खाजवावं लागत नाही. तो सुट्ट्या जागा पाठ करतच नाही, प्रत्येक चाल आधीच्या चालीचं उत्तर असते, त्यामुळे एक ठेवली की पुढची आपोआप हातात येते. मध्ये काही सोंगट्या मारल्या गेल्या असतील तर त्या पटावरून उचलायच्या, त्याही क्रमानेच. अडलंच तर किफु, म्हणजे डावाचा कागदावरचा रेकॉर्ड, असतोच. आणि सकाळी एकदा मांडून झालेला होता.

तर मग डाव पुढे चालू केला ते बरोबर की चूक? या प्रश्नावर लोक भांडतात. एक बाजू म्हणते, शेजारी शहर जळतंय आणि हे खेळतायत, काय माणसं आहेत. दुसरी म्हणते, हीच खरी समाधी. मला दोन्हींत एकच घोळ दिसतो, की आपल्याला आज जे माहितीये ते त्यांना त्या सकाळी माहीत होतं असं धरून चाललोय. किती माणसं गेली, काय पडलं, कशामुळे पडलं, यातलं काही इत्सुकाइचिपर्यंत पोचलं नव्हतं. खूप हादरलेला माणूस बहुतेक वेळा हातातलं काम पुढे ओढतो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही. यात निष्ठुरपणाही नाही आणि अध्यात्मही नाही. दुपारनंतर शहराकडून माणसांचे लोंढे यायला लागले, भाजलेले, कातडी लोंबणारे, तेव्हा काय झालंय ते कळायला लागलं.

डाव हाशिमोतोने पांढऱ्याने 5 पॉइंटने जिंकला. कोमी नसताना पांढऱ्याने पाचाने जिंकणं म्हणजे चांगलाच विजय, आणि डाव म्हणून बघितलं तरी तो फालतू नाही, हे सांगावंसं वाटतं, कारण त्या बॉम्बखाली डावातला खेळ कायमचा गाडला गेलाय. फोटो, ढग, सव्वाआठ यावरच चर्चा, त्या चाली क्वचितच कुणी मांडून बघतं.

नऊ दिवसांनी जपानने शरणागती जाहीर केली. उरलेले चार डाव त्यानंतर झाले, आणि सहा डावांअंती स्कोअर काय? 3-3. पुन्हा! एवढं सगळं सोसून, पोलिसांना चुकवून, बॉम्बमधून वाचून, टायटल पुन्हा अधांतरी.

हे दैव वगैरे नाही हो, मॅचचा फॉरमॅटच तसा होता. सम संख्येचे डाव, कोमी नाही, बरोबरी झाली तर काय याचं आधी ठरलेलं धड उत्तर नाही. काळ्याला फायदा असेल आणि दोघांना तीन-तीनदा काळा असेल तर 3-3 हा सगळ्यात साहजिक निकाल आहे. तीन मॅचपैकी दोन तशा सुटल्या, उरलेली एक आजारपणामुळे अर्ध्यात सुटली. न्याय व्हावा म्हणून काळा समान वाटला, आणि त्या नादात निकालच लागेना. 1941 लाच हे लक्षात यायला हवं होतं, पण तेव्हा नंबरावरून सोडवून टाकलं आणि नियम तसाच पुढे ढकलला. आयोजकांचा खरा दोष शोधायचा तर मी इथे शोधीन.

या वेळी मात्र नंबरावर सोडलं नाही. जुलै 1946 मध्ये तीन डावांची निर्णायक मॅच लावली, इवामोतोने पहिले दोन जिंकून ती 2-0 ने संपवली. म्हणजे घराण्याचं नाव स्पर्धेच्या हवाली केल्यानंतर पूर्ण खेळून, पटावर निकाल लागून झालेला पहिला होनिन्बो हा इवामोतो म्हणायचा. पुढच्या वेळी, 1947 ला, मॅच पाच डावांची केली. विषम आकडा! कितानीला 3-2 ने हरवून इवामोतोने टायटल राखलं. 1950 ला सात डावांची झाली, आणि त्यात समोर परत हाशिमोतो, त्याने इवामोतोला 4-0 धुतलं.

हाशिमोतोचं पुढचं इथे थोडं सांगायला हवं, कारण टायटलमागे लोक जिवावर उदार का होत होते ते त्यातून कळतं. 1950 ला तो परत होनिन्बो झाला आणि लगेच तोक्योच्या की-इनने ठरवलं की टायटल आता दोन वर्षांऐवजी दरवर्षी लढवायचं. होनिन्बोला न विचारता! ओसाकाकडच्या खेळाडूंची तोक्योवर आधीच खुन्नस होती, त्यात हे. त्याच वर्षी कान्साई की-इन, म्हणजे ओसाकाकडच्यांची स्वतःची संस्था, वेगळी झाली आणि हाशिमोतो तिचा म्होरक्या. 1951 ला साकाता एइओने त्याला चॅलेंज केलं, 3-1 अशी आघाडी घेतली, आणि टायटल तोक्योला गेलं तर नवी संस्था कोसळणार असंच सगळे धरून चालले होते. हाशिमोतोने पुढचे तिन्ही डाव काढले, 4-3. कान्साई की-इन आजही आहे. पुढच्या वर्षी ताकागावा काकुने त्याच्याकडून टायटल घेतलं आणि सलग नऊ वर्षं सोडलं नाही, पण तोवर संस्था उभी राहिली होती. टायटल हातात असलेल्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, एवढा त्याचा जोर. सेगोएंना 1945 ला हेच टायटल मरू द्यायचं नव्हतं, ते समजू शकतं. त्यासाठी पोलिसांची पाठ वळल्यावर शहरात डाव लावणं मला अजून समजत नाही. पहिला डावसुद्धा इत्सुकाइचिला झाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

इवामोतो मात्र वेगळ्याच वाटेने गेला. तसाही तो जरा निराळाच, 1929 मध्ये गो सोडून ब्राझीलला शेती करायला गेला होता, जमलं नाही, दोनेक वर्षांत परत आला. युद्धानंतर की-इनला छप्पर नव्हतं तेव्हा त्याच्या घरातूनच संस्थेचं काम चालायचं. मग तो जगभर हिंडून गो शिकवत राहिला, म्हातारपणी स्वतःची मालमत्ता विकून आलेला पैसा त्याने गो सेंटर उभी करायला दिला, साओ पावलो, अ‍ॅम्स्टरडॅम, न्यूयॉर्क, सिअ‍ॅटल. त्यातली दोन शहरं अमेरिकेतली, हे वाचून काही जण भावुक होतात. तो 1999 ला गेला, 97 व्या वर्षी.

आणि टायटल? ते अजून चालू आहे, त्याच वर्तमानपत्राच्या पाठबळाने. इयामा युताने 2012 ते 2022 सलग 11 वेळा जिंकलं. 2024 पासून खर्च परवडेना म्हणून सात डावांची मॅच पाचावर आणली आणि बक्षीस 2 कोटी 80 लाख येनवरून 85 लाखांवर. सहावर मात्र परत कुणी गेलेलं नाही.